मुलांचा सा

पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण एकेक करून पियानोसमोर बसलो, आणि चौदाही जणांचा डावा हात आपोआप मागंपुढं हलू लागला.

हवा द्यायला. आम्ही सगळी पेटी वाजवणारी माणसं. उजव्या हातानं पट्ट्या, डाव्या हातानं भाता, हे अंगात इतकं मुरलेलं की समोर भाताच नाही हे डोळ्यांना दिसत असूनही हाताला पटत नव्हतं. किल्लारीच्या मारोतीभाऊंनी तर बोटं पट्ट्यांवर ठेवायच्या आधीच डाव्या हातानं हवा भरायला सुरुवात केली. शरणप्पा सर खुर्चीत मागं रेलून पोट धरून हसले.

"अय्यो मारोती, त्याला श्वास देऊ नको बाबा. त्याचा तो घेतोय."

"सवय हाय, सर," मारोतीभाऊ म्हणाले. "हात रिकामा ऱ्हायला की कामचुकारपणा केल्यावानी वाटतंय."

हे १९८५ सालचं. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, तरी बऱ्याच पाट्यांवर नव्या रंगाखालून 'उस्मानाबाद' डोकावत होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या शाळा, नव्या जागा. शहरातल्या एका संस्थेनं संगीत शिक्षकांसाठी एक वर्षाचा प्रशिक्षण वर्ग काढला होता. अभ्यासक्रमात पियानो का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा कारण कळलं. हैदराबादच्या एका शाळेनं जुना पियानो काढून टाकला, तो संस्थेला मिळाला, आणि मग तो अभ्यासक्रमात घालण्यात आला. क्रम असा होता. शरणप्पा सर पियानोबरोबरच आले म्हटलं तरी चालेल. ते मूळचे उदगीरचे, पण तीस वर्षं सिकंदराबादेत मुलांना वाजवायला शिकवून निवृत्त झालेले.

मी हदगाव तालुक्यातली. नांदेडला बी.एस्सी. केलं, पदार्थविज्ञान घेऊन. पेटी मात्र घरातली. माझे वडील ग्यानोबा पंचायत समितीत शिपाई, आणि गावातल्या बुद्धविहारात वंदनेला, जयंतीला पेटी तेच वाजवतात. सातव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी बसून वाजवत आले. बी.एस्सी.नंतर मी लातूरला गाणं शिकवायला शिकणार म्हटल्यावर गावात दोन तट पडले. एकाचं म्हणणं होतं, "सायन्स करून पेटीच वाजवायची व्हती तर गावात काय वाईट व्हतं?" दुसरा तट म्हणजे एकटे माझे वडील. ते म्हणाले, "जाऊ द्या तिला. करून राहिली न् काहीतरी."

वर्गाचा नियम साधा होता. वर्षात दोन पाठ द्यायचे. पाठ म्हणजे शेजारच्या शाळेतली खरीखुरी मुलं समोर बसवून, पियानोवर साथ करत त्यांना नवं गाणं शिकवायचं. दोन्हींत नापास झालं तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय नव्या शाळांतल्या जागांना अर्ज नाही. मला ते प्रमाणपत्र हवं होतं. वडिलांचा तट एकट्याचा राहू नये, एवढं तरी मला करायचं होतं.

पियानो एक, शिकणारे चौदा. आमच्या सात जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीला रोज चाळीस मिनिटं मिळत. उरलेला वेळ सराव कशावर करायचा? संस्थेनं धोंडप्पा पेंटरला फळ्यांवर पियानोच्या पट्ट्या रंगवायला सांगितल्या. धोंडप्पा जिल्ह्याच्या नव्या पाट्या रंगवण्यात गुंतलेला होता, पण चार दिवसांत त्यानं सुबक फळ्या आणून दिल्या. मारोतीभाऊंनी एक मांडीवर घेतली आणि तिच्याकडं बघतच राहिले.

"धोंडप्पा, ह्यात काळ्या लई झाल्या की."

"दर दोन पांढऱ्यांत एक काळी हाय," धोंडप्पा म्हणाला. "सगळीकडं सारखी."

"खऱ्याला तशी नसती. दोन, मग तीन, मग दोन, मग तीन."

"मग खऱ्यात चूक हाय," धोंडप्पा म्हणाला. "मी मोजून, सरळ काढलंय."

शेवटी जादा काळ्या पट्ट्यांवर पांढरा रंग मारून घेतला. उन्हात त्या खालून दिसायच्या, गावाच्या पाट्यांसारख्याच.

माझी जोडी मारोतीभाऊंशी पडली. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, साखर कारखान्यात कामाला आणि किल्लारीच्या भजनी मंडळात पेटीवर. कारखान्यानं त्यांना वर्षाची बिनपगारी रजा दिली होती. आमच्या दोघांच्या पद्धती इतक्या वेगळ्या होत्या की शरणप्पा सरांनी मुद्दाम ही जोडी लावली असावी असा माझा पहिल्यापासून संशय आहे.

मी सगळं वहीत लिहीत असे. प्रत्येक गाण्याचा सा पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर धरायचा, कोणत्या सुरावर कोणतं बोट, डावा हात कितव्या मात्रेला खाली येणार, सगळं आकड्यांत. बोटांना एक ते पाच नंबर, डाव्यासाठी लाल शाई. पंधरा दिवसांत मी दोन्ही हातांनी पहिलं गाणं एकही चूक न करता वाजवून दाखवलं. मारोतीभाऊ काहीच लिहीत नसत. सरांनी गाणं म्हटलं की ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग उजव्या हातानं कुठूनही वाजवायचे. आज पांढरी एक, उद्या काळी दोन.

"पंचशीलाताई, तुम्ही पियानो वाजवता का वही?" ते विचारायचे.

"वही चुकत नाही, मारोतीभाऊ."

"वही हारवली तर?"

"दुसरी प्रत आहे."

यावर त्यांनी हात जोडले.

डिसेंबरात माझा पहिला पाठ झाला. पाचवीची छत्तीस मुलं होती. मी गाणं म्हणून दाखवलं, पियानोवर सा दिला, आणि 'म्हणा' म्हटलं. मुलांनी म्हटलं, पण त्यांच्या स्वतःच्या सुरात, माझ्यापेक्षा बरंच वर. मी म्हटलं, "थांबा. हा सा ऐका." पुन्हा दिला. पहिली ओळ मुलांनी बरोबर धरली, दुसऱ्या ओळीला सगळी सरकत सरकत आपल्या जागी परत. "थांबा." असं होता होता मुलांचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी फक्त पहिल्या रांगेतली दोन मुलं माझ्या तोंडाकडं बघत पुटपुटत होती. पियानो मात्र अचूक वाजत होता.

मुलं गेल्यावर शरणप्पा सर म्हणाले, "वाजवलंस छान अम्मा. नऊ वेळा 'थांबा' म्हणालीस. मी मोजलं."

"मुलं सूर सोडत होती, सर."

"सोडत नव्हती. त्यांचा त्यांनी धरला होता. तू सोडत होतीस." मग त्यांनी माझ्या कागदावर शंभरपैकी एकतीस लिहिले. पासाला चाळीस लागत होते.

त्या संध्याकाळी मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून कारणं शोधली. मला कारण सापडलं की बरं वाटतं. मुलांच्या स्वरतंतूंची लांबी कमी, म्हणून त्यांचा सोयीचा सा वरचा. म्हणजे मुलांची चूक नव्हती. मी पांढरी एकवर बसून राहिले होते. उपायही सापडला. सगळी गाणी बाराही ठिकाणांहून लिहून काढायची. बारा सा, दोन हात, दहा बोटं. मी कोरी वही घेतली. चौथ्या सा-ला वही संपली आणि मला दिसलं की अशा रीतीनं गाणं शिकवायला मला पन्नाशी उजाडेल.

मारोतीभाऊंची अडचण वेगळीच होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मला कळली ती अपघातानं. जानेवारीत मी नांदेडला जाऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेतून नादकाट्यांची पेटी उसनी आणली होती. नादकाटा म्हणजे पोलादी दोन दातांचा काटा. ठोकला की एकच नेमका सूर देतो. एका पेटीत आठ काटे, सा ते वरचा सा. आमच्या पियानोचा सा नेमका कुठं आहे ते मला बघायचं होतं. त्या वर्षी हवा इतकी कोरडी होती की ओठांबरोबर पियानोचं लाकूडही तडकत होतं. तारा उतरल्या होत्या. सरांनी त्या ओढून मूळ जागी नेल्या नाहीत. "म्हाताऱ्याला ओढू नये," असं म्हणून त्यांनी उतरलेल्या सा-लाच सा मानलं आणि बाकीचे सूर त्याच्याशी जुळवून घेतले. तो सा माझ्या दोनशे छप्पन्नच्या काट्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

मग मी ग-चा काटा ठोकून पियानोच्या लाकडावर टेकवला आणि ग ची पट्टी दाबली. दोन सूर अगदी जवळ असले, पण एक नसले, की आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो. वांव, वांव, वांव. मी घड्याळावर मोजलं. दोन सेकंदांत पाच लाटा.

मारोतीभाऊ दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुम्हाला बी आयकू येतंय?"

"काय?"

"हा गंधार. चढा हाय न्हवं?" ते आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी आक्टोबरपासून गप हाय. माझी पेटी उदगीरच्या कारागिरानं नुसत्या कानानं लावलेली. तिच्यावर मी वीस वर्सं गातोय. हितं गंधार आला की मला टोचतंय. सर म्हणत्यात बरोबर हाय. मला वाटलं माझा कान गेला."

मी त्यांना बसवलं आणि काट्यावर कोरलेले आकडे दाखवले. सा दोनशे छप्पन्न, ग तीनशे वीस. चारास पाच, सरळ हिशेब. तुमची पेटी अशी लावलेली आहे. पियानोचा ग तीनशे साडेबावीस. अडीचचा फरक, म्हणून सेकंदाला अडीच लाटा. तुमचा कान सेकंदाला अडीच लाटा पकडतोय. हा कान गेलेला नाही, हा प्रयोगशाळेत ठेवायच्या लायकीचा आहे.

त्यांनी काटा स्वतः ठोकून कानाशी धरला. मग म्हणाले, "आन् पियानोनं असं का केलं?"

"सगळ्या पट्ट्यांमधलं अंतर सारखं वाटून दिलंय. त्यात प्रत्येक सूर थोडाथोडा सरकला."

"धोंडप्पानं लावलाय का काय?"

"तसंच समजा. पण त्याचा फायदा असा की सा कुठूनही धरला तरी गाणं सारखंच वाजतं. बाराही ठिकाणं सारखी. त्यासाठीच केलंय ते."

"असं हाय," मारोतीभाऊ म्हणाले. "मग तुम्ही का धरत न्हाई?"

मी काटे पेटीत ठेवले आणि माझी वही मिटली.

त्या दिवसापासून आमची चाळीस मिनिटं बदलली. मारोतीभाऊंचा कान बरा झाल्यामुळं त्यांचा आवाजही मोठा झाला होता. ते डोळे मिटून एखादी पट्टी दाबायचे आणि म्हणायचे, "हा सा. चला." मी वही बंद करून त्या सा-वरून गाणं शोधायचं. पहिले आठ दिवस मी भयंकर वाजवलं. बाहेरून जाणाऱ्या एका बाईंनी शरणप्पा सरांना विचारलं, पियानो दुरुस्तीला काढलाय का?

डाव्या हातानं तर संपच केला. उजव्यानं नवा सा शोधेपर्यंत डावा जुन्याच जागी पडायचा, किंवा हवेत हलू लागायचा. एका दुपारी मी चिडून म्हटलं, "ह्या हाताला नेमकं काम काय आहे, तेच मला कळत नाही."

मारोतीभाऊंनी विचार केला. मग बाकावर तबला असल्यासारखे दोन्ही हात ठेवले.

"डग्गा," ते म्हणाले. "ताई, डाव्याला भात्याकडनं काढा आन् डग्ग्यावर बसवा. उजवा बोलतोय ते बोलू द्या. डाव्यानं नुसतं खालनं 'घे' द्यायचं. सा आन् प, सा आन् प. दोनच जागा. लई झालं तेवढं."

मी माझ्या लाल शाईतल्या सदतीस सूचना आठवल्या, आणि त्या सोडून दिल्या. सा आन् प. हाताला काम समजलं तसा तो गप झाला, आणि मग लागला कामाला. मारोतीभाऊंनी फेब्रुवारीत सगळ्या वर्गाला डग्गा शिकवला. शरणप्पा सर दाराशी उभं राहून ऐकत होते. "तीस बरस मी इंग्रजीत शिकवलो," ते म्हणाले, "डग्गा कुणी बोललाच नाही मला."

तरीही एप्रिलच्या दुसऱ्या पाठाची मला धास्ती होती. आमच्या दोघांत चुकणं वेगळं आणि छत्तीस मुलांसमोर चुकणं वेगळं. शिवाय या खेपेला मार्क सर देणार नव्हते. औरंगाबादहून परीक्षक येणार होत्या, उमाबाई. त्यांच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं की त्या पाठाचं टाचण ओळीओळीनं ताडून बघतात. टाचण म्हणजे कोणत्या मिनिटाला काय शिकवणार याचा तक्ता. तो प्रकार मला जमत होता. मी तीस मिनिटांचे पंधरा भाग पाडले. गाणंही मीच रचलं, पाच सुरांचं, सा रे ग प ध, लहान मुलांच्या गळ्याला सोपं:

मडकं निघालं फिरायला,
घागर म्हणाली, ने की मला.
हंडा म्हणाला, मी पण येतो,
कळशीला मी कडेवर घेतो.

पुढचं कडवं चाळणीचं होतं. सा मी काळी एकवर धरायचा ठरवला आणि मनाशी म्हटलं, मुलं हलली तर आपण हलायचं. जमेल तसं.

पाठाच्या दिवशी सकाळी नऊला मुलं आली. उमाबाई मागच्या बाकावर टाचण घेऊन बसल्या. पांढरी साडी, सोनेरी काड्यांचा चष्मा. शरणप्पा सर त्यांच्या शेजारी, आणि माझ्यानंतर पाठ असलेले मारोतीभाऊ कोपऱ्यात. पहिली सात मिनिटं टाचणाप्रमाणं गेली. मुलं वर सरकली, मी थांबवलं नाही, त्यांच्यामागं काळी दोनवर गेले. एक बोट चुकलं. आकाश कोसळलं नाही. पहिलं कडवं मुलांना चांगलं येऊ लागलं होतं.

आणि आठव्या मिनिटाला टँकरचा हॉर्न वाजला.

त्या दुष्काळी वर्षात पाण्याचा टँकर रोज दुपारी तीनला येई. त्या दिवशी तो सकाळीच का आला, ते मला अजून माहीत नाही. तो आमच्या कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली उभा राही, आणि वस्तीतल्या बायका कामावर गेलेल्या असल्या तर घरची भांडी सांभाळायला मुलं पळत. हॉर्न वाजला की मुलांना सोडायचं, हा त्या वर्षीचा शाळेचा अलिखित नियम होता. हेडमास्तरसुद्धा अडवत नसत. पण हे परीक्षेच्या वेळी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

छत्तीस मुलं अर्धी उठून उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. पहिल्या रांगेतल्या सिंधूनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "बाई, जाऊ? आमचा नंबर जाईल."

मी उमाबाईंकडं पाहिलं. त्यांनी टाचणावरून नजर वर केली नाही. टाचणात आठव्या मिनिटाला 'गटागटानं सराव' असं होतं. मुलांना थांबवलं असतं तर ती थांबली असती, परीक्षेचं त्यांना सांगून ठेवलं होतं. थांबून, दाराकडं बघत, पुटपुटत बसली असती. डिसेंबरातल्यासारखी.

"जा," मी म्हटलं. "पण गाणं म्हणत जा. रांगेत उभं राहूनसुद्धा म्हणायचं. मी इथून वाजवते."

क्षणात वर्ग रिकामा झाला. छत्तीस बाकांवर छत्तीस पाट्या, आणि मागं तीन मोठी माणसं. मी उठून खिडकीची दोन्ही दारं उघडली. पंचवीस पावलांवर टँकर होता, भांड्यांचा खणखणाट होता, बायकांची नेहमीची वादावादी होती. आणि त्यातून, मोकळ्या हवेत गेल्यामुळं आणखी वर चढलेला, मुलांचा आवाज आला. मडकं निघालं फिरायला.

आता सा कुठं होता? काळी दोनवर नक्की नव्हता. मी पांढऱ्या पट्ट्या चाचपल्या. लगतचा सूर, नाही. त्याच्या वरचा, नाही. मग काळी तीन दाबली आणि ती मुलांच्या आवाजात साखर विरघळावी तशी विरघळली.

काळी तीनवरून हे गाणं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. मारोतीभाऊंच्या बोटाखाली ती पट्टी कधी आलीच नव्हती, आणि माझ्या वहीत तिथपर्यंत पान पोचलं नव्हतं. मी रे शोधला, तो शेजारची काळी निघाली. ग, त्याच्या शेजारची काळी. प वरची काळी. ध त्याच्या शेजारची. मी थबकले. पाच सूर, पाचही काळ्यांवर. पांढऱ्यांना हात लावायचीच गरज नव्हती. ज्या ठिकाणाला मी सगळ्यात जास्त घाबरत होते तिथं पट्ट्या उंचावून उभ्या होत्या, आणि चुकायला जागाच नव्हती. मला एकटीलाच हसू आलं. डाव्याचे सा आणि प सुद्धा काळ्याच. मी डग्गा दिला, जोरात.

बाहेर ते पोचलं. आधी सिंधूची रांग नीट तालात आली, मग मागची. मग एका बाईनं "कळशीला मी कडेवर घेतो" हे वाक्य ऐकून मोठ्यानं हसून आपली कळशी कडेवर घेतली आणि गायला लागली. तिसऱ्या वेळी म्हणताना रांगेतल्या निम्म्या बायका गात होत्या. टँकरचा ड्रायव्हर पाइप धरून मान डोलावत होता. मी दोन ठिकाणी चुकले. एकदा डावा हात उशिरा पडला, एकदा उजव्यानं एक आख्खा सूर गाळला. गाणं थांबलं नाही. त्यांना माझी गरज होती, पण माझ्या अचूकपणाची नव्हती.

उमाबाई उठून खिडकीशी आल्या होत्या. मी वाजवायची थांबले तरी बाहेरचं चालूच होतं.

"तुमच्या टाचणात," त्या म्हणाल्या, "वर्ग टँकरकडे नेणार असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं, बाई."

"मग?"

"मुलं तिकडे होती," मी म्हटलं. दुसरं कारण माझ्याकडं नव्हतं.

मागं शरणप्पा सर अचानक फार लक्षपूर्वक छताकडं बघू लागले.

"वर्गनियंत्रणाचे गुण मी कापणार आहे," उमाबाई म्हणाल्या. "छत्तीसच्या छत्तीस मुलं वर्गाबाहेर. मी वीस वर्षांत असं नियंत्रण पाहिलेलं नाही."

"हो, बाई."

त्यांनी टाचणावर बोट ठेवलं. "आणि इथं दुसरं कडवं आहे. ते कोण शिकवणार?"

"मुलं परत आली की..."

"अकरा मिनिटं उरलीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रांग बरीच मोठी दिसते."

मारोतीभाऊ तोवर कोपऱ्यातून उठून पियानोसमोर येऊन बसलेसुद्धा होते. "तुम्ही व्हा खाली, ताई," ते म्हणाले. "सा मी धरतो. कुठं हाय म्हणालात? काळी तीन? अगायायाया, सगळ्या काळ्याच की!"

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. वर्गनियंत्रण दहापैकी दोन, एकूण शंभरपैकी त्रेसष्ट. पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी पायऱ्या उतरून उन्हात पळत गेले एवढंच.

मुलांनी मला रांगेत जागा करून दिली. पुढं उभ्या असलेल्या पार्वतीबाईंनी, त्या सिंधूच्या आजी, माझ्या हातात न विचारता एक हंडा दिला. "धरा मास्तरीणबाई, न् सांगा म्होरलं." खिडकीतून मारोतीभाऊंचा सा आला. दोन्ही हातांत हंडा, समोर फळा नाही. मी नुसत्या तोंडानं शिकवलं:

वाटेत भेटली चाळणीबाई,
म्हणे, मला कुणी नेतच नाही.

रांग खदखदून हसली. पार्वतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंग? नेलं का तिला?"

माझं कडवं तिथंच संपत होतं. टाचणातही तिथंच संपत होतं.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"न्यायचं की," पार्वतीबाई म्हणाल्या. "हंड्यावर झाकाया. कचरा पडतोय ह्या लिंबाचा."

सिंधूनं दोनतीनदा ओठ हलवून ते चालीत बसवून बघितलं, आणि म्हणाली, "बाई, बसतंय. म्हणू?"

"म्हण," मी म्हटलं.